नावाडीण कितव्या भागात येते?

ता. ४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनच केला असता, पण आमच्या घराच्या भिंती पापडासारख्या पातळ, आणि हे सगळं बाबांबद्दलच आहे. शिवाय फोन आला की तू पुस्तकं बांधता बांधता खळीच्या हातानेच तो उचलतेस आणि निम्मं बोलणं ‘थांब गं, चिकटलं’ यातच जातं.

आईला जाऊन वर्ष होत आलं. बाबा तेव्हापासून वाईट वागतात असं नाही. डबा भरून देतात, माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर न सांगता शिवून आणतात. पण बोलत नाहीत. सकाळी ‘निघतो’, संध्याकाळी ‘आलो’. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि घरी येऊन भिंतीकडे बघत जेवायचं. मी एकदा सहज म्हटलं, की भूगोल शिकवणारी आपली आई कोपऱ्यावरच्या बेकरीतून परत येताना रस्ता चुकायची, आठवतं? ते उठून नळ घट्ट करायला गेले. नळ गळत नव्हता.

परवा माळा आवरताना एक खोकं सापडलं. त्यात ‘मीठनगरी’ या मालिकेची जाडजूड पुस्तकं, तिसऱ्या भागापासून आठव्यापर्यंत. पहिला आणि दुसरा नाहीच. कडेला तुझ्या हाताची कापडी पट्टी दिसली, म्हणून कळलं की हे तुम्हा दोघांचं वेड. आता मला सांग, सुरुवात कुठून करू? इंटरनेटवर विचारलं तर भांडणच लागलं. एक म्हणतो पहिल्यापासूनच, नाहीतर पाप लागेल. दुसरी म्हणते आधी पाचवा वाच, त्यातली लढाई आवडली तरच मागे जा. तिसऱ्याचं म्हणणं, दुसऱ्या भागात शंभर पानं नुसत्या तटबंदीचं वर्णन आहे, ती गाळली तर लेखकालाही कळणार नाही.

खरं सांगू? मला पुस्तकाचं एवढं पडलेलं नाही. मला बाबा परत हवेत. त्यांना आवडणारं काहीतरी हातात घेऊन त्यांच्यासमोर बसावं, एवढाच बेत आहे.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच, त्यालाही पुस्तकांसारखं ऊन दाखवत जा.

तुझी,
वाळवी

---

ता. ११ जून

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

पुस्तकबांधणीच्या घरात तुझं हे नाव मी ठेवलं तेव्हा वहिनी रागावली होती. पण पुस्तक दिसलं की तू कोपरे चावायचीस, त्याला मी काय करू! तर वाळवीबाई, तुझं पत्र पुस्तकं दाबायच्या शिकंज्याशेजारी ठेवून दोनदा वाचलं. डोळे भरले, ते खळीच्या वाफेने असं समज.

सुरुवात तिसऱ्यापासून कर. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते आणि लोक मला वेडी समजतात. त्यामागची गोष्ट अशी. आमच्या लहानपणी वाचनालयाची फाटकी पुस्तकं आमच्या अप्पांकडे बांधायला यायची. अप्पा ती उसवून सुटी करत. दोरीवर, टेबलावर, खाटेवर, जिकडे तिकडे पानांचे गठ्ठे. ते परत शिवले जायच्या आत आम्ही वाचून काढायचो. दादा पुढचा गठ्ठा वाचायचा, मागचा माझ्याकडे सरकवायचा. मी कायम त्याच्या एक गठ्ठा मागे. हाताला खळ असायची, म्हणून कित्येक राजे एकमेकांना चिकटून वारले.

मीठनगरीचे पहिले दोन भाग वाचनालयाच्या कुणा सभासदाने गिळले होते, ते आमच्याकडे कधी आलेच नाहीत. मग दादाने ते कुठल्याशा मित्राकडून ऐकून मला सांगितले. रोज संध्याकाळी, अप्पा दुकान झाडत असताना. नंतर मला ते वाचावेसेच वाटले नाहीत, इतकं त्याने छान सांगितलं होतं. म्हणून तूही तिसरा उघड आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन विचार, की आधी काय झालं? बघ कसा पाघळतो.

आणि नावाडिणीबद्दल मुद्दाम विचार. माझी सगळ्यात लाडकी. ती लोकांना नदीपार नेते. अंबाड्यात सुई खोचलेली, एक पाय मुडपून बसायची सवय, आणि शब्द नसलेलं एकच गाणं तोंडात. गरम दुधावर फुंकर घालताना स्वतःच डोळे मिटते. भिकाऱ्याला ‘ये रे राजा’ म्हणते आणि खऱ्या राजाला ‘अहो तुम्ही, पाय पुसून बसा’ म्हणते. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती हातात दिवा घेऊन पलीकडे जाते, जाताना ‘येतेच’ म्हणते, आणि पुढे आठव्या भागापर्यंत तिचा पत्ता नाही. इतकी वर्षं मी तिची वाट बघते आहे. शाळेतले एक मास्तर मला म्हणाले, बाई, अशी कुणी नावाडीण आठवत नाही. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही पानं नुसती उलटता. तेव्हापासून ते वह्या दुसरीकडे बांधतात. नववा, शेवटचा भाग आता आलाय. मी घेऊन ठेवलाय, पण उघडायचा धीर होत नाही. त्यातही ती आली नाही तर?

आईविना दिवस कसे काढावे हे मला विचारू नकोस. माझी आई गेली तेव्हा मी एवढीशी होते, तिचा चेहराही आठवत नाही. अप्पा तिचं नाव घरात काढू देत नसत. तुझ्याकडे निदान रस्ता चुकणारी आई आहे. माझी पाटी कोरी.

आता दादाला बोलतं कर. पोटाला खा, कोपरे चावू नकोस.

तुझीच,
आत्या

---

ता. २३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधीच कान पकडते. हे वाचून तू चिडशील.

तू सांगितल्याप्रमाणे तिसरा भाग घेऊन बाबांसमोर बसले. विचारलं, याच्या आधी काय झालं? त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कापडी पट्टीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता सुटणार बांध. मग मी म्हटलं, ती नावाडीण कोण हो? तर त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांना भर रस्त्यात जुन्या नावाने हाक मारली. ‘आत्याने सांगितलं का?’ एवढंच बोलले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मग मला राहवेना. कॉलेजच्या वाचनालयातून पहिले दोन भाग आणले आणि तटबंदीच्या वर्णनासकट संपवले. आत्या, त्यात नावाडीण नाही. नावाडीण राहू दे, नदीच नाही! मीठनगरी भर वाळवंटात आहे. लोक पहाटे दगडांवरचं दव फडक्याने टिपून पितात. नाव कुठे चालवणार? मला वाटलं माझंच काही सुटलं, म्हणून त्या इंटरनेटवरच्या भांडकुदळांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं. नऊच्या नऊ भागांत अशी बाई कुठेच नाही.

म्हणजे नवव्यातही ती येणार नाही. तुला हे कळवायचं की नाही यावर फार विचार केला. पण तू तो भाग उघडून पानापानावर तिला शोधशील, ते मला बघवणार नाही.

रागावलीस तरी चालेल, पण लिहायचं थांबवू नकोस. घरात एक जण न बोलणारा पुरे आहे.

तुझी,
वाळवी

---

ता. २९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीतीप्रमाणे घातला आहे, तो माझा राग वजा करून घे.

तुझ्या मुलीने पहिले दोन भाग वाचले. नदी नाही, नाव नाही, नावाडीण नाही! तिसऱ्या भागात नदी का नाही, असं मी वाचायला लागल्यावर विचारलं होतं. तर तू तोंड वर करून ‘आटली’ म्हणालास. आणि मी शेंबडी, विश्वास ठेवला! उभ्या गावाशी भांडले, चांगलं गिऱ्हाईक घालवलं, आणि या वयात एका बाईची वाट बघत बसले, जी कुणी लिहिलीच नव्हती. अरे, थापच मारायची होती तर एखादा राक्षस मारायचा. इतकी जीव लावणारी बाई कशाला?

फसवलंस म्हणून ओरडत नाही. ती आता कधीच येणार नाही, हे मला सहन होत नाहीये. लाज वाटते लिहायला, पण काल दाभण हातात धरून रडले.

कोण होती ती, तेवढं सांग. उत्तर एका ओळीत चालेल, तुझ्याकडून तेवढंही खूप.

तुझी धाकटी

---

ता. ७ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

एका ओळीत बसत नाही.

ती आई होती.

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा दिवे गेले होते. हातात बॅटरी घेऊन ती जिना उतरली आणि वळून ‘येतेच’ म्हणाली. नंतर अप्पांनी तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. त्यांच्याने ऐकवत नसे. तू मात्र जेवायला बसलीस की तिलाच हाक मारायचीस, ते ताट टाकून उठायचे आणि मग तूही उपाशी झोपायचीस. मलाही तिच्याबद्दल बोलायचं होतं. कुणाशी बोलू? मग पुस्तकाचे ते दोन भाग नाहीत हे लक्षात आलं. ती जागा रिकामीच होती. आईला तिथे नेऊन बसवलं. अप्पा झाडता झाडता ऐकायचे, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. झाडू एकाच जागी फिरत राहायचा. त्यांनी अडवलं नाही.

सुई, पाय मुडपून बसणं, ते गाणं, दुधावरची फुंकर, ‘पाय पुसून बसा’, सगळं तिचं. नदी तेवढी माझी. ‘मला तिचं काही आठवत नाही’ असं तू म्हणायचीस, तेव्हा दर वेळी सांगावंसं वाटायचं, की अगं, तुला सगळं पाठ आहे. पण सांगितलं की ती पुस्तकातून निघून जाईल आणि तू पुन्हा जेवायची नाहीस, अशी भीती मनात बसली होती. माणूस मोठा होतो, भीती होत नाही. खरा पहिला भाग मीही आजपर्यंत वाचलेला नाही.

पोरीने नावाडिणीचं नाव काढलं आणि मला एकदम दिसलं, की मी अप्पा झालोय. नळ घट्ट करत फिरतो. लिफ्ट मध्येच अडकली तर आत असलेल्या माणसाशी आधी बोलायला लागायचं, दार मग उघडायचं, हे मी कामावर नव्या माणसांना शिकवतो. माझी पोर वर्षभर आत अडकली आहे.

पण काय सांगू तिला? तुला ‘येतेच’ म्हणून सांगू शकलो, तू लहान होतीस. हिला सगळं माहीत आहे. तूच सुचव.

दादा

---

ता. १२ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचत होते आणि वाचता वाचता सुई अंबाड्यात खोचली. तशीच थांबले. आजवर वाटायचं, ही सवय मी पुस्तकातून उचलली. शिवताना मी एक पाय मुडपून बसते आणि दारात आलेल्याला आधी पाय पुसायला लावते. दादा, मी तिची वाट कुठे बघत होते रे?

पाटी कोरी म्हणत आले सगळा जन्म. तू गच्च भरून ठेवली होतीस.

पोरीला काय सांगू म्हणतोस. अरे, मी लहान होते, मूर्ख नव्हते. पलीकडे गेलेली नाव इतके दिवस येत नाही म्हणजे काय, ते मला कुठेतरी कळत असणारच. तरी मी रोज पुढचं विचारायचे, कारण विचारलं की तू माझ्याजवळ बसायचास. तिलाही तेवढंच हवंय. खरं खोटं ती बघून घेईल, भूगोलाच्या बाईंची मुलगी आहे. तू फक्त बस आणि सुरू कर. नदी आटू देऊ नकोस.

माझ्या वाटणीचा एक घास तिला भरव.

तुझी धाकटी

---

ता. २० जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा जेवण झाल्यावर बाबांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, तिसऱ्याचं पहिलं पान उघडलं आणि परत मिटलं. म्हणाले, याच्या आधी एक नदी होती.

मी जागची हलले नाही. चिमणी खिडकीत बसली की आपण बसतो ना, तशी. नावाडीण आली, तिने राजाला पाय पुसायला लावले. बाबा ते शब्द नसलेलं गाणंही गुणगुणले, अगदी बेसूर. तुला येत असेल तर फोनवर म्हणून दाखव, हात धुऊन.

मग मी विचारलं, ती ‘येतेच’ म्हणाली तर अजून आली का नाही? बाबांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. मला वाटलं, झालं, आता नळ. पण ते म्हणाले, पलीकडच्या काठावरून हल्ली एक नवी बाई नावेत बसली आहे. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि तोच चष्मा ती सगळीकडे शोधते. नदीचं नाव, उगम, लांबी, सगळं तिला तोंडपाठ. नावाडिणीला म्हणाली, तुम्ही नुसत्या वल्हवा, रस्ता मी सांगते. नकाशा घेऊन पुढेच बसली आहे. उलटा धरून.

म्हणून उशीर होतोय, म्हणाले.

आत्या, आम्ही इतके हसलो की शेजारच्यांनी भिंत वाजवली. मग बाबा रडले. मीपण. उठून कुणी कुठेच गेलं नाही.

नववा भाग घेऊन तू इकडे ये. बाबा म्हणतात, आधी गठ्ठे सुटे कर, शिवलेलं पुस्तक त्यांना वाचता येत नाही. पहिला गठ्ठा त्यांचा, मग तुझा, मग माझा. आणि इंटरनेटवर कालच कुणीतरी नव्याने विचारलं होतं, सुरुवात कुठून करू? मी लिहिलं, तिसऱ्यापासून. आधीचं घरात कुणाला तरी विचारा.

वाट बघतोय. तू तरी रस्ता चुकू नकोस.

तुझी,
वाळवी