महिपतने न उचललेला चाकू

वाशिंदपासून कसाऱ्यापर्यंत पांगलेल्या माझ्या नातलगांनो,

आपले एक सामाईक दुःख आहे. साखरपुडा असो की ग्रामसभा, सुतळी सुटत नाही, खोक्याची पट्टी तुटत नाही. मग आपण दातांनी ओढतो, किल्लीने खरवडतो आणि शेवटी ओरडतो, "अरे, कोनाकडं चाकू हाय का?" सगळे माझ्याकडे वळतात. काम झाले की त्याच चाकूकडे बघून विचारतात, "बाईमानसाला चाकू कशाला लागतो?" या प्रश्नाला मी चाळीस वर्षे तोंडी उत्तर दिले. आता लेखी देते.

मी, सकुबाई काशिनाथ विशे, वय चौऱ्याहत्तर, राहणार शेणवा, तालुका शहापूर, निवृत्त अंगणवाडी सेविका आणि सेविकांच्या संघटनेची वक्ता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला ते दमले. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो लिहायला त्यांना अर्धा तास लागला, कारण मी बोलत होते.

कलम एक. शेणव्याचे घर मुलगा साईनाथ याला. पुस्तकांचे कपाट मात्र रद्दीत जाणार नाही. ज्याने एक पुस्तक उघडले नाही, त्याला ती किलोने विकायचा हक्क नाही.

कलम दोन. ओढ्याकाठचे भातखाचर मुलगी दर्शना हिला. "तिला तर कसाऱ्याला दिली," असे साईनाथने म्हणू नये. मुलगी ही देण्याची वस्तू नव्हे. चाकू देतात.

कलम तीन. चाकू. सगळे घडीचे, सगळे मी वापरून पाहिलेले.

खटक्याचा चाकू माझ्या नवऱ्याने म्हशाच्या जत्रेत घेतला होता. बटण दाबले की खटाककन उघडतो आणि ओट्यावर बसलेले सगळे गप्प होतात. गुण एवढाच. पाते वीतभर, खिशात मावत नाही, आणि कांदा चिरायला काढला तर पाहुणे चपला शोधतात. काशिनाथ मऊ माणूस होता, म्हणून त्याला आवाजाचा चाकू लागला. त्याने त्या चाकूने आयुष्यभर सुपारी कातरली. हा कोणालाही देऊ नये. रघू लोहाराकडून याचे खुरपे करून घ्यावे.

लाल मुठीचा, अकरा अवजारांचा, साईनाथला कंपनीतल्या साहेबाने दिला आणि त्याने मला. कात्री चांगली. चिमटा तर उत्तम, करवंदीचा काटा अलगद निघतो. पण बूच काढायचा पेच? शेणव्यात बूच लावलेली बाटली मी एकदाच पाहिली, तिच्यात बैलाचे औषध होते. शिवाय पाते उघडायला नख लागते, आणि भातलावणी करणाऱ्या बाईला नखे कुठून? साईनाथ, परत घे.

काळा, क्लिपचा, नात मनस्वीने ऑनलाइन मागवला. एका अंगठ्याने उघडतो, दुसऱ्या हातात पिशवी असली तरी. उघडल्यावर आत पत्र्याची कडी बसते, त्यामुळे पाते बोटावर मिटत नाही. हे दोन मुद्दे मी त्याच्या बाजूने मोकळ्या मनाने मांडते. पण धार दोन गोण्यांत गेली, आणि परत आणायला दुपार लागली. हा दर्शनाला, तिचा एक हात कायम कशाततरी अडकलेला असतो.

राहिला माझा. रघूने मोडक्या करवतीच्या पात्यातून घडवलेला, खैराच्या मुठीचा. पाते चार बोटे. कैरीने काळे पडते, तेलाचे बोट फिरवावे लागते. कडी नाही, त्याची पावती माझ्या तर्जनीवर आहे. पण पायरीच्या दगडावर दहा वेळा ओढला की पुन्हा नवा. नारळाची शेंडी, खताची गोण, मुलांच्या पेन्सिली, आणि एकदा माझी मदतनीस हिरी हिच्या शेळीच्या गळ्यात बसलेला फास, सगळे त्यानेच कापले. रोज जवळ बाळगायचा चाकू हाच. तो मनस्वीला.

कलम चार. रघूने असे दोन चाकू घडवले होते. दुसरा मुरबाडला राहणारा माझा धाकटा भाऊ महिपत याच्यासाठी. सतरा वर्षांपूर्वी भाऊबीजेला, त्याच्या अंगणात, त्याच्या लेकीचे होणारे सासरे फराळाला बसलेले असताना मी तो पुढे केला.

महिपत म्हणाला, "बाय, चाकू हातात नको देऊ गो. भांडण लागतं. भुईवर ठेव, मी उचलतो."

एवढेच. मी मात्र उभी राहिले आणि लोखंड व अज्ञान या विषयावर पंचवीस मिनिटे बोलले. उदाहरण म्हणून महिपतचे नाव सात वेळा घेतले. शेवटी सवयीने टाळ्यांसाठी थांबले.

व्याही चिवड्यातले शेंगदाणे निवडत होते. महिपत म्हणाला, "झालं भाषण? आता तुजा चाकू घे नि तू पन जा."

तेव्हापासून बोलचाल नाही. आणि त्याच्या गावात आज आया पोरांना सांगतात, "चाकू हातात देऊ नको रे. शेणव्याच्या बायनं दिला, सतरा वर्सं भाऊ तोंड बघत नाय." अंधश्रद्धेवर आयुष्यभर तुटून पडलेली मी, तिचा दोन तालुक्यांतला सर्वांत भक्कम पुरावा होऊन बसले आहे! भांडण चाकूने लावले नाही, माझ्या भाषणाने लावले. हे मी प्रथमच कबूल करते.

कलम पाच. वकील म्हणाले, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून हा दुसरा चाकू मी या कागदातून कोणालाच देत नाही. तो मी जिवंतपणी देणार. दुसरा साक्षीदार महिपतच. दुसरा कोणी कायद्याला चालेल, मला चालणार नाही. तो येईल. मी चाकू भुईवर ठेवीन आणि गप्प बसेन. तो उचलील. मग सह्या होतील. माझे मत तसूभर बदललेले नाही. लोक म्हणतील, "बघा, भुईवर ठेवला नि जमलं." म्हणू दे.

तो आला नाही तर हा कागद रद्दी. मग वारसाहक्काने घरही दोघांचे, खाचरही दोघांचे, आणि कौल बदलायचे तरी साईनाथने दर्शनाची, बांध घालायचा तरी दर्शनाने साईनाथची सही मागत फिरायचे.

तेव्हा साईनाथ, दर्शना, येत्या रविवारी सकाळी दोघांनी मिळून मुरबाडला जायचे. फोन करू नका, फोनवर नाही म्हणणे सोपे असते.

ठिकाण: शेणवा
दिनांक: महिपत येईल तो

लिहून देणार: सकुबाई काशिनाथ विशे (सही दोन्ही साक्षीदारांसमोर करीन)

साक्षीदार १: हिरी लखमा आगिवले (तयार आहे. म्हणते, "बाई, तुमी दोघं भांडू नका म्हंजे झालं.")

साक्षीदार २: महिपत रामा देसले ....................

जा, मामाला घेऊन या.