दाढा काढलेल्या मावशीस भिजवलेले दाणे भरवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
पहिला मजला.

विषय: दाढा काढलेल्या मांजरीस मऊ अन्न देण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) प्राण्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. २) तिच्यावरील आपला शेरा, "चर्चा करावी". (चर्चा अद्याप झालेली नाही.)

महोदय,

१. अभिलेख कक्षातील उंदरांचा बंदोबस्त करणारी मांजर, जिला शिपायापासून आपल्यापर्यंत सर्वजण मावशी म्हणतात, तिच्या किडलेल्या दाढा परवा काढल्या. डॉक्टरांनी चिठ्ठीत स्वच्छ लिहिले आहे की टाक्यांची जखम भरेपर्यंत मांजरखाद्याचे कोरडे दाणे बंद. कोमट पाण्यात भिजवून, बोटाने सहज चिरडतील इतके मऊ करून, पसरट बशीत थोडे थोडे द्यावेत. गरम काही नको. डब्यातले कांदा-लसणाचे उरलेसुरले तर मुळीच नको. दिवसभर तोंडात काही गेले नाही, तर तिला लगेच परत आणावे.

२. आपल्याकडे कागद हाती आला की तो आवक शाखेत द्यायचा, अशी हाताला सवय. मी चिठ्ठीही दिली. तिथून ती मत नोंदवण्यासाठी टेबलोटेबली फिरली. लेखा शाखेने विचारले, कोमट म्हणजे नेमके किती. आस्थापना शाखेने कळवले की सदर मांजर आस्थापनेवर नसल्याने तिला आजारी रजा देय नाही. रजा मागितली कोणी होती? भांडार शाखेला बशी पसरट असल्याचा दाखला हवा आहे. चिठ्ठी आपल्यापर्यंत पोचली तेव्हा तीत डॉक्टरांचे अक्षर शोधावे लागत होते. आपण "चर्चा करावी" असे लिहिलेत आणि खाली जोडलेत की निर्णय होईपर्यंत मांजरीस कोणीही काही खाऊ घालू नये. सरकारी काम, सहा महिने थांब, हे माणसांना कळते. मांजराला ते कोणत्या तोंडाने सांगायचे?

३. आपला आदेश मोडून मी काल दुपारी दाणे भिजवले. हे लेखी कळवत आहे, हवी तर नोटीस काढावी. मावशीने बशी हुंगली, माझ्याकडे पाठ केली आणि जिना चढून आपल्या दालनाकडे गेली. आज सकाळीही तेच झाले. तिच्या पोटात कालपासून काही नाही आणि मला तिची काळजी वाटते.

४. थोड्या वेळापूर्वी टपाल घेऊन वर आले तेव्हा आपले दार अर्धे उघडे होते. आपण टेबलाखाली मांडी घालून बसला होतात. खणातला कोरडा दाणा मावशीच्या तोंडात घालत होतात, तो खाली पडत होता, आपण उचलून पुन्हा देत होतात. "खा गं बाई, एकच घास. माझ्यासाठी खा," असे आपण म्हणालात. मी टपाल दाराशी ठेवून परत फिरले.

महोदय, डोळे मिटून दूध पिणे मांजरालाच शोभते, मनाईचा हुकूम काढणाऱ्याला नाही. त्या कोरड्या दाण्याने टाके उसवतील. तोंड दुखत असूनही ती तो घेते, कारण देणारा हात आपला आहे. माझ्या हातचे मऊ अन्नसुद्धा तिला चालत नाही. याचे मला वाईट वाटले, पण तो मुद्दा या अर्जाचा नाही.

५. सबब विनंती की आपण दार लावून घ्यावे, सोबतच्या बशीतले दाणे बोटाने चिरडून पाहावेत आणि तिला स्वतः भरवावेत. कोणी विचारलेच, तर साहेब चर्चेत आहेत असे मी सांगेन. मंजुरीची सही सवडीने केलीत तरी चालेल. दाणे मात्र निवायच्या आत द्यावेत.

आपली (परिच्छेद चार वगळता) नम्र,
अभिलेखपाल, तळमजला
दिनांक: आजचाच, जेवणाच्या सुट्टीआधी

सोबत:
१) पसरट बशी, भिजवलेल्या दाण्यांसह.
२) मावशी. आता आपल्या दाराबाहेर येऊन बसली आहे.