ढिगाखालची बाग

४ जानेवारी

ती. आई,

नमस्कार. मी बरी आहे. तू आणि गुंड्याही बरे असाल असं धरून चालते. पत्रास कारण तसं विशेष काही नाही. फोनवर आपण दोघी ‘जेवलीस का’ आणि ‘काळजी घे’ यांच्या पुढे कधी सरकत नाही, म्हणून म्हटलं, लिहावं.

नवीन काम सुरू झालं. एक बंद पडलेली खाण आहे. मालक गाशा गुंडाळून केव्हाच गेले. दगड दळून, त्यातला धातू काढून घेऊन उरलेली राखाडी भुकटी तेवढी मागे ठेवून गेले. तिचा ढीग आहे. ढीग कसला, डोंगरच. मधोमध खचलाय, त्यामुळे लांबून दोन वशिंडांचा उंट बसल्यासारखा दिसतो. वारा सुटला की भुकटी सगळीकडे. उशीवर, चहात, दातांत. पायथ्याला एक तळं आहे, पाणी गंजासारखं तांबडं. त्या पाण्यात चुना कालवून ते निवळायचं, ढिगाचे उतार नीट करायचे, वर चिकणमातीचा थर दाबून बसवायचा, त्यावर चांगली माती आणि गवत, असं हे काम. दोन वर्षं तरी जातील. तू पूर्वी विचारायचीस ना, एवढं शिकून करतेस तरी काय? दुसऱ्यांनी केलेल्या पसाऱ्यावर पांघरूण घालते. पगार बरा आहे.

बुलडोझर चालवतो त्याला सगळे पैलवान म्हणतात. इतका काटकुळा आहे की वारा असला की त्याला मशीनला बांधून ठेवा, असं पंपवाली बाई म्हणते. ती स्वतः अशी दणदणीत की दोघं शेजारी उभे राहिले की हसू येतं. दोघं स्वभावाने चांगले आहेत. पण पाच वाजले की गाडी येते आणि सगळे आपापल्या घरी जातात. मग मी आणि पंप. पंप थांबला की मी दचकते, इतकी त्याची सोबत झाली आहे. परवा सोमवारी पैलवानाला ‘काय म्हणताय’ असं विचारायला गेले आणि आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं, शनिवारपासून मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

असो. पत्र्याची खोली आहे, शेगडी आहे, एक ताट, एक वाटी. धुवायला सोपं.

गुंड्याची सायकल दुरुस्त झाली का? बेकरीत खोकी रचताना पाठ सांभाळायला सांग माझ्या धाकट्या भावाला.

तुझी,
थोरली


२९ जानेवारी

ती. आई,

तुझं पत्र मिळालं. मोठा पांढरा कागद आणि त्यावर एकच ओळ: ‘तो उंट आपलाच ना?’

हो.

मला वाटलं होतं, नाव-गाव घातलं नाही तर तुला कळणार नाही. काय वेडी मी. अकरा वर्षं ज्याच्याकडे बघत तू धुणं वाळत घातलंस, त्याचं वर्णन मी तुला करून सांगत बसले. काम कुठलं आहे ते मला आधीपासून माहीत होतं. ‘तिथे कोण जाईल?’ असं साहेबांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. का गेला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तू बाबांचं काही विचारलं नाहीस, तरी लिहिते. शेवटच्या ओळीतल्या त्याच घरात आहेत. वसाहतीतली निम्मी घरं रिकामी झाली, काहींची दारंसुद्धा लोकांनी काढून नेली. आल्यावर बरेच दिवस मी तिकडे फिरकले नाही. इथून चालत जाण्याइतकं अंतर, तरी रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी एका रविवारी गेले. दार उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “बूट बाहेर काढ. आत्ताच पुसलंय.”

एवढंच. मग चहा केला. साखर माझ्या लहानपणाइतकीच, तीन चमचे.

बाग अजून आहे, आई. होती त्यापेक्षा मोठी झालीय. पालक, गाजरं, मुळे, कुंपणावर भोपळा. गुडघे गेलेत त्यांचे, तरी उकिडवे बसून वाफे करतात. निघताना हातात भोपळा दिला आणि म्हणाले, “ह्या जमिनीत पहिल्यांदा काही उगवायचं नाही. नुसती चिकट. ढिगावरची वाळू आणून आणून मी ती भुसभुशीत केली.” मला आठवलं. ड्यूटी संपली की ढकलगाडी भरून आणायचे. सगळेच आणायचे, फुकट होती, मुकादम स्वतः फावडं द्यायचा. गुंड्यासाठी कोपऱ्यात विटा लावून वाळूचा चौकोन केला होता तोही त्याच भुकटीचा. मऊ म्हणून. पोराला खडे टोचू नयेत म्हणून.

भोपळा खोलीवर आणला. अजून चिरलेला नाही.

आम्ही वसाहतीतल्या प्रत्येक घराच्या अंगणातली माती तपासायला पाठवतो आहोत. बाकी सगळ्या घरांची मी स्वतः घेतली. बाबांची राहिली होती, परवा घेतली. ते मागे हात बांधून बघत होते. “तपासा, तपासा,” म्हणाले, “अख्ख्या वसाहतीत अशी माती नाही मिळायची.”

निकाल आला की लिहीन. थंडी आहे. तू पाठवलेली शाल आत्ता अंगावर आहे.

तुझी,
थोरली


१७ मार्च

आई,

मधे तुझी दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. कामाचा डोंगर होता असं लिहिणार होते. ते काही खरं नाही. निकाल केव्हाच आला होता.

बाबांच्या मातीत शिसं आहे. नको तेवढं. सगळ्या वसाहतीत सगळ्यात जास्त. इतरांनी ती वाळू अंगणात टाकली आणि विसरले. बाबांनी वर्षानुवर्षं वाफ्यांत घातली, जीव लावून.

शिसं लहान मुलांना सगळ्यात आधी धरतं, आई. रांगती मुलं, माती तोंडात घालणारी मुलं. पोटात कळा येतात, मूल मागे पडतं, बोलायला उशीर होतो, झटके येतात. आम्हाला माहिती द्यायला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्या हे सांगत होत्या, आणि वहीत लिहून घेता घेता माझा हात थांबला. त्या गुंड्याचंच वर्णन करत होत्या. त्यांनी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

तू त्याला पाडलं नव्हतंस. तुझ्या माहेरच्यांकडून काही आलं नव्हतं. तुझं लक्ष नव्हतं म्हणून काही झालं नव्हतं. बाबा जे म्हणाले, आत्या जे म्हणाली, शेजारणी नळावर जे कुजबुजायच्या, त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मी बाईंना विचारलं, एखाद्या मुलाला त्या मातीपासून लांब नेलं तर? त्या म्हणाल्या, गेलेलं सगळं परत येत नाही, पण पुढचं वाचतं. तू त्याला घेऊन गेलीस आणि वर्षभरात त्याचे झटके थांबले. तिकडे सगळे म्हणाले, हवापालट मानवला. इथे लोक म्हणाले, नवऱ्याला आणि पोरीला टाकून पळाली. तू त्याला वाचवलंस, आई. कशापासून, ते तुलाही माहीत नव्हतं.

आता बाबांचं. त्यांना सांगायला दुसरं कुणी जाऊ दे, असं साहेब म्हणाले होते. मीच गेले. सकाळची वेळ, ते गाजरं उपटत होते. मी कुंपणाशी उभी राहून सगळं सांगितलं, कामावर सांगते तसं, कोरडं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे गाजरं खायची नाहीत?”

“नाही, बाबा. काहीच नाही.”

“बरं.” गाजरांची माती झटकत राहिले. झटकता झटकता हात थांबला. “तो माती खायचा,” म्हणाले. “मूठ भरून तोंडात घालायचा. आणि मी तिला ओरडायचो, पोराकडे लक्ष दे म्हणून.”

मी कुंपण ओलांडून आत गेले.

“ती वाळू मी आणली होती,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. कुणालाच नव्हतं.”

“तिलाही माहीत नव्हतं. तरी तिला बोल लावायचं मी सोडलं होतं का?”

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मी पायरीवर बसून राहिले. आत नळ सुरू होता, बराच वेळ. हात धूत होते.

गेल्या आठवड्यात बाग उचलली. हातभर खोल माती काढावी लागते. पैलवानाने ते काम इतक्या हलक्या हाताने केलं की तो मशीन चालवतोय असं वाटेना. आधी खाली उतरून बाबांना म्हणाला, “काका, तुम्ही आत बसा, मी करतो.” बाबा बसले नाहीत. तोंडाला फडकं बांधून उभे राहिले, अगदी शेवटची गाडी भरेपर्यंत. ती माती ढिगावरच नेली. आता तिच्यावर चिकणमाती बसली आहे, पुढच्या पावसाळ्यानंतर गवत येईल. तो वाळूचा चौकोनही गेला. विटा तेवढ्या बाबांनी धुवून भिंतीशी लावून ठेवल्यात. काय करणार आहेत त्यांचं, मी विचारलं नाही.

आता ते संध्याकाळी माझ्या खोलीवर येतात. दुसरं ताट आणलंय मी. फारसं बोलत नाहीत. परवा जेवता जेवता म्हणाले, “तिला कळवलंस?” मी म्हटलं, नाही. म्हणाले, “कळव. मला लिहिता यायचं नाही. तिला म्हणावं, मी येऊन सांगेन, ती दारात उभं करणार असेल तर. आत बोलवलं नाही तरी चालेल.” हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे. तू काय करायचं ते तू ठरव. मी त्यांची वकिली करणार नाही.

मीही रक्त तपासून घेतलं. थोडं आहे माझ्यातही, हाडांत मुरलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, दर वर्षी बघत राहा. तू लगेच रडायला लागू नकोस. तुला हे सांगणारच नव्हते. पण हे सांगितलं नाही तर पुढचंही सांगता येणार नाही.

तू गेलीस त्या पहाटे मी जागी होते. आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं तेव्हा तू बाबांना म्हणाली होतीस, “हा इथे राहिला तर मरेल,” ते मी मोरीच्या दाराआडून ऐकलं होतं. पहाटे तू गुंड्याला खांद्यावर घेतलंस, पिशवी उचललीस, आणि दारात थांबलीस. माझ्याकडे बघत किती वेळ उभी होतीस. मी डोळे घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, हाक मारली तर तू थांबशील, आणि तू थांबलीस तर तो मरेल. मग कडी लागल्याचा आवाज आला.

तू मला का नेलं नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. पुढे मी शिकायला हॉस्टेलवर होते, तिथे भेटायला यायचीस तेव्हा प्रत्येक वेळी जिभेवर यायचं आणि मी गुंड्याचं काहीतरी विचारायचे. माझी शाळा होती, बाबांना कुणीतरी हवं होतं, दोन पोरं घेऊन तू कुठे राहिली असतीस, हे सगळं मला कळतं. चांगलं कळतं. तरीपण रोज पाच वाजता ती गाडी सगळ्यांना घेऊन जाते, मी पंपाशेजारी उभी असते, आणि मी पुन्हा तेवढीच होते, अकरा वर्षांची.

त्या दिवशी हाक मारली नाही ती बरोबरच केलं, असं आता वाटतं. गुंड्या सायकल चालवतो आहे.

पण आता कुणाचा जीव जाणार नाही, म्हणून ती हाक आज मारते आहे.

आई, मला न्यायला ये. दोन दिवसांपुरतं.

तुझी,
जागी असलेली