शुक्रवारचं खरबूज

सोमवार, ४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला, होबार्ट शहरही आवडलं! जनुकीय व्याधी घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांचा मेंदू कसा वाढतो, ते इथे बघतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेली तारांची टोपी बाळाला घालायची आणि 'बा-बा-बा' ऐकवायचं. मधेच 'गा' आला की पडद्यावरची मेंदूची रेष उडी मारते. बाळ येण्याआधी टोपी खरबुजावर तपासायची. त्याला मेंदू नाही, म्हणून तिथे रेष सपाट हवी. माझा सहकारी गेविन दर सोमवारी दोन खरबुजं आणतो, एक टोपीला, एक राखीव. शुक्रवारी चहाच्या वेळी दोन्ही कापून फस्त करतात. मला सहावा महिना आहे कळल्यावर तो म्हणाला, "बाळं रडली तर चालतंय गं, खरबूज रडलं तर हाक मार!"

मंगळवार, ५ मार्च
खरबुजाची रेष हलली. 'गा' आला की उडी, अगदी बाळासारखी. आमच्या प्रमुख डॉ. पेट्राकिस म्हणाल्या, तार सैल असेल. सगळ्या तारा बदलल्या, तरी तेच. नंतर सात महिन्यांचा हेमिश आला. टोपी घालू देईना, खरबुजाकडे बघून सारखा हसत होता. त्याची आई म्हणाली, असा तो फक्त दुसऱ्या बाळांना हसतो.

बुधवार, ६ मार्च
'गा' वाजला, खरबुजाची रेष उडाली आणि त्याच क्षणी माझ्या पोटात लाथ बसली. दहादा करून पाहिलं. दहाही वेळा तसंच. मी गुणगुणले, तर रेष निवली आणि पोटातलंही निजलं. कुणाला सांगू? वेड्यात काढतील.

गुरुवार
पिकलंय का बघायला गेविनने टोपीखालच्या खरबुजात अंगठा रुतवला. मी कळवळून खालीच बसले. देठाशी खळगा पडलाय. हे कापू नका म्हटलं, तर म्हणतो, बाईला डोहाळे लागलेत, सगळं एकटीला हवंय! सगळे हसले. मला भीती वाटतेय. फार वाटतेय.

शुक्रवार
टोपीखालून काढून आणलं. खोलीला आतून कडी लावली. पोटाशी धरून बसलेय—

बाहेर बशा वाजतायत. गेविन दार ठोठावतोय. म्हणतो, ते कच्चं आहे, राहू दे. पिकलेलं आमच्याकडे आहे, टोपीला सकाळीच राखीव लावलं—

देठाशी हात फिरवला. खळगा नाही.

कडी निघत नाही. ओरडतेय, ते हसतायत— सुरी घासल्याचा आवाज—

गुणगुणतेय. पोटात हलतंय अजून. अजून ह—