कारखान्याचा इतिहास (मामाच्या कंबरेसह)

चि. भिंगरी हिला मामाचे अनेक आशीर्वाद. त्यातला एक जास्तीचा आहे, कारण हे पत्र तू शेवटपर्यंत वाचणार आहेस असं मी गृहीत धरलंय.

इकडे सर्व कुशल. तुझी आई कुशल आहे (दर रविवारी तिला तुझा फोन येतो, तेव्हा हे तुला ठाऊकच आहे, पण रीत म्हणून लिहितो). मी कंबर सोडून कुशल आहे. कंबरेचं पुढे येईल. तुझे बाबा कसे आहेत ते मी लिहीत नाही, कारण तू विचारलेलं नाहीस. तेही तुझं काही विचारत नाहीत. फक्त रविवारी तुझा फोन वाजला की त्यांना नेमकं स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायचं असतं. ती बिजागरी आता इतकं तेल प्यायली आहे की दार नुसत्या खोकल्यानं उघडतं. तुझी तब्येत, तुझी नोकरी आणि तुझ्या कंपनीच्या त्या पुढे-मागे स्प्रिंगा बसवलेल्या सायकली, सगळं ठीक असावं. जेवतेस ना वेळेवर? (हा प्रश्न ताईचा. तिनं तो मागच्या रविवारीही विचारला होता, पण तुझ्या उत्तरावर तिचा विश्वास बसलेला नाही.)

आता तू म्हणशील, मामानं फोन का नाही केला. बाळ, फोनवर मला कंसात बोलता येत नाही, आणि जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाचं निम्मं आयुष्य कंसात गेलेलं असतं.

तर निमित्त असं. तुझ्या बाबांच्या कारखान्याला (दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि भरपूर ठिणग्या, यांना कारखाना म्हणायचं हे आपल्या घरात ठरलेलं आहे) यंदा पंचवीस वर्षं होतायत. गिऱ्हाइकांना द्यायला एक छोटी पुस्तिका काढावी, तीत आजवरच्या सगळ्या मॉडेलांचा इतिहास असावा, असं ताईच्या मनात आलं. दाजींनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पंडित, तुम्ही लिहा. दोन पानं. विशेषणं घरी ठेवून या." मी पहिला खर्डा नेला. त्यात आपल्या हार्डटेल सायकलींना मी 'दृढपुच्छ' असा प्रतिशब्द योजला होता. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग आणि मागचं चाक थेट फ्रेमला घट्ट, तेव्हा अर्थाला चोख बसतो की नाही, तूच सांग. दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पंडित, मी सायकली बनवतो, माकडं नाही." खर्डा त्यांनी ड्रिल मशीनच्या पायाखाली घडी करून घातला. मशीन आता डगमगत नाही, एवढं माझ्या गद्याचं यश.

आधीच स्पष्ट करतो, हे पत्र मध्यस्थीचं नाही. तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर तू म्हणालीस, मागच्या स्प्रिंगेला नकार देणं हे तत्त्व नव्हे, हट्ट आहे. ते म्हणाले, जमीन काय म्हणतेय ते बसणाऱ्याला कळायलाच हवं, ज्याला ऐकायचं नसेल त्यानं सोफ्यावर बसावं. मग तू सोफेवाल्यांकडे नोकरी धरलीस आणि त्यांनी मौन धरलं. यात कोण बरोबर, ते मला कळत नाही. मला तर दोन्ही प्रकारच्या सायकलींवरून पडता येतं. मी फक्त इतिहास लिहितोय, आणि तो तुझ्याकडून तपासून हवाय. तुझ्या बाबांना या पत्राचा पत्ता नाही आणि लागूही नये.

घरचा नियम तुला सांगायला नको, पण पुस्तिकेच्या वाचकासाठी लिहावाच लागतो: दाजी कुठलंही नवं मॉडेल काढतात ते घरातल्या एका माणसाच्या मापानं. त्या माणसानं ते पहिलं चालवायचं, उन्हाची वाट आणि चिखलाची वाट दोन्ही बघायच्या, आणि तो हसत परत आला तरच ते मॉडेल विकायला काढायचं. नावही त्या माणसाच्या स्वभावावरून.

पहिलं 'हट्टी', त्यांनी स्वतःसाठी केलं. जाड पोलादी नळ्या, वरची नळी सरळ आडवी, उचलायला दोन माणसं लागत. दाजी त्यावरून इतके पडले की शेजाऱ्यांना वाटे, हे पाडायचंच यंत्र असेल. पण जोड एकही सुटला नाही, त्यामुळे ते प्रत्येक वेळी हसत परत आले. दुसरं 'सोय', ताईसाठी. तिनं एकच अट घातली, चढायला नाही तरी चालेल, उतरायला सोपी पाहिजे. म्हणून वरची नळी खाली उतरवली. ते मॉडेल सगळ्यात जास्त खपलं. डोंगरावर जाण्याची इच्छा सगळ्यांना असते, पण मनाच्या तळाशी प्रत्येकाला उतरायचंच असतं.

तिसरं 'पंडित'. याबद्दल इतिहासकारानं मौन पाळावं हे बरं, पण लिहितो. त्या वर्षी दाजींनी ॲल्युमिनियम धरलं होतं. हँडल उंच, म्हणजे विद्वान माणसाला ताठ बसून समोरच्या देखाव्याचं परीक्षण करता यावं. फ्रेम इतकी ताठर की मी एका खडीच्या रस्त्यावरून गेलो आणि आठवडाभर माझ्या तोंडून जोडाक्षर नीट निघालं नाही. मी हसत परत आलो नव्हतो. दातांवर दात आपटून तोंडाचा आकार तसा झाला होता. दाजींनी ते हसू मानलं. ते मॉडेल प्राध्यापकांनी घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. आजही कुठेकुठे टेकलेलं दिसतं.

चौथं 'भिंगरी'. इथे दोन पानांची मर्यादा माझ्याकडून मोडली. तू वाढत होतीस आणि ते ती फ्रेम कापून पुन्हा जोडत होते. पहिल्यांदा नळी लांब केली, मग चाकं मोठी आली, मग तू उतारावरून हँडलवरून पुढे फेकली गेलीस, तेव्हा पुढचा चिमटा थोडा पुढे कलवला. तू आणखी उभा उतार शोधलास, त्यांनी चिमटा आणखी कलवला. लोक येऊन विचारत, हा कल कुठून शोधून काढलात? ते म्हणत, "पोरगी ऐकत नाही, म्हणून." पुस्तिकेसाठी याहून नेमकं तांत्रिक स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही.

आणि त्यानंतर काही नाही. 'भिंगरी' विकली जाते, 'सोय' विकली जाते, पण तू गेल्यापासून नवं मॉडेल एकही निघालं नाही. इतिहासाचा शेवट असा अर्धवट कसा करायचा, म्हणून मी शेडमध्ये चौकशीला गेलो, तर कोपऱ्यात जुन्या चादरीखाली एक सायकल उभी. दाजी म्हणाले, "तिला हात लावायचा नाही." मी विचारलं, "नवं मॉडेल?" ते म्हणाले, "शेवटचं." (त्यांचे डोळे आता जोडाच्या रेषेवर ठरत नाहीत, भिंगरी. दोन चष्मे एकावर एक लावून वेल्डिंग करतात. यानंतर नळ्या दुसऱ्या कुणाकडून जोडून घेणार आहेत. हे ताईनं तुला फोनवर सांगितलेलं नाही, कारण बिजागरी जवळच असते.) मी विचारलं, "कुणाच्या मापाचं?" ते म्हणाले, "पंडित, चहा गार होतोय." चहा आलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते रंग आणायला बाहेर पडले आणि मी चादर काढली. इतिहासकाराला मूळ साधनं पाहावीच लागतात. बसलो, तर हात हँडलपर्यंत पुरेनात. पुढची लांबी एखाद्या आजानुबाहू व्यक्तीसाठी असावी अशी. ताईची नाही, माझी नाही, दाजींची तर नाहीच. तसाच लोंबकळत ती बाहेर काढली, आणि शेडमागच्या उतारानं, लाकडाच्या वखारीच्या कडेनं निघालो. एक गोष्ट ताबडतोब जाणवली: बूड शाबूत होतं. वाटेत दगड होते, मुळं होती, 'पंडित'वर असतो तर एव्हाना मी वर्णमाला विसरलो असतो. पण हिचा मागचा भाग धक्का बसला की कणभर नमत होता. स्प्रिंग नाही, काही नाही, तरी नमत होता. मी या चमत्कारावर विचार करत असतानाच वखारीचं फाटक समोर आलं, आणि मी सवयीनं डावा ब्रेक दाबला.

मी आजवर चालवलेल्या यच्चयावत सायकलींना डावा ब्रेक मागचा असतो. हिचा पुढचा निघाला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि मी एकटाच पुढच्या प्रवासाला निघालो.

भुशाच्या ढिगानं मला पदरात घेतलं. वखारवाला फाटकाशी उभा होता. सायकल आणि मी यांच्यातलं अंतर त्यानं नजरेनं मोजलं आणि अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही नेहमी असेच उतरता का?" मी नाकातला भुसा काढत त्याला सांगितलं की हे संशोधन आहे. तो म्हणाला, "मग मोठं आहे."

आडवा पडल्या पडल्या मी ती फ्रेम प्रथमच नीट पाहिली. कंबर उठू देईना, त्यामुळे सवड होती. ब्रेकची वायर जिच्यातून जाते त्या बारीक कड्या उलट्या बाजूला होत्या. त्या फ्रेमलाच डाग देऊन पक्क्या केलेल्या असतात, म्हणजे ही चुकून झालेली जोडणी नव्हे. पुढचा ब्रेक जोराचा, तो सरावाच्या हाताला असावा, हे तुझ्या बाबांचं जुनं म्हणणं. आपल्या सबंध घराण्यात डावखुरं माणूस एकच आहे, आणि त्याचे हातही असेच लांब आहेत. लहानपणी त्या हातांनी माझ्या सगळ्यात वरच्या फळीवरचे शब्दकोश खाली आले आहेत. मागच्या दोन नळ्याही पाहिल्या. नेहमीपेक्षा बारीक, आणि मध्ये किंचित वाकवलेल्या, धनुष्यासारख्या. जो माणूस मागच्या धक्क्याबद्दल एक शब्द ऐकून घ्यायला तयार नव्हता, त्यानं तो धक्का नळ्याच वाकवून जिरवायला घेतला होता.

मला घरी आणलं तेव्हा दाजी परतले होते. त्यांनी आधी फ्रेम उलटी केली, जोडांवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. ताईनं विचारलं, "मोडलं का हो काही?" "नाही." "मी भावाचं विचारतेय." "तेही नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग मी पडल्या पडल्या विचारलं, "दाजी, हिच्यावर पहिलं बसणार कोण?" त्यांनी चादर झटकली, सायकलीवर घातली, कडा सारख्या केल्या. म्हणाले, "नाही बसलं कुणी, तर खुंटीला टांगीन." पहिल्या माणसाशिवाय मॉडेल बाहेर काढायचं नाही हा नियम ते मोडणार नाहीत, आणि नियम न मोडता तुला बोलवायचं कसं, तेही त्यांना येत नाही. नंतर ताई मला कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी देताना म्हणाली, "दोघं एकाच पोलादाची." मी म्हटलं, एक तरी नळी वाकली आहे. ती पिशवी उलटीच देऊन गेली.

तर इतिहास असा पाचव्या मॉडेलापाशी अडला आहे. वरच्या चार मॉडेलांत काही चूक असेल तर कळव. बाकी ठीक. थंडी पडली असेल तर कानाला गुंडाळत जा.

तुझा
मामा

ता.क. इतिहास तपासायचा नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. चार मॉडेलं मला तुझ्याइतकीच तोंडपाठ आहेत. ये, एवढंच लिहायचं होतं. त्याला इतकी पानं लागली, कारण तो शब्द एकटा लिहून पाहिला तर फार उघडा दिसत होता.

आणखी ता.क. तुझ्या बाबांना पत्ता लागू नये असं मी वर लिहिलं. ते आत्ता माझ्या खुर्चीमागे उभे आहेत. मी कंबरेमुळे पटकन वळू शकत नाही, याचा फायदा घेऊन त्यांनी सगळं वाचलं. मग बाहेर जाऊन हात साबणानं धुऊन आले आणि पेन मागतायत. देतोय.

'हट्टी' उचलायला दोन माणसं लागत नव्हती. मामा एका बाजूला उगाच हात लावायचा. बाकी त्यानं लिहिलंय ते ठीक.
मागच्या नळ्या किती बारीक चालतील ते मला माहीत नव्हतं. आजवर असं काम केलेलं नाही. तुमच्याकडे ते मोजायला यंत्रं असतील, मी अंदाजानं केलंय. अंदाज चुकला असेल तर समोर येऊन सांग.
बरोबर असला तरी ये.