मी छापील न्हाय

जिचं पाणी शेंदून शेंदून माझ्या तळहाताला घट्टे पडले, त्या बारवेबद्दल माझं सांगणं चालत न्हाय. ज्यानं तिच्यात कधी पाय बुडवला न्हाय त्याचं मात्र चालतं, का तर त्याचं पेपरात आलंय. ही कुठली रीत, ते आधी सांग. तुझ्या त्या ज्ञानकोशातल्या लोकांनी तुझ्याकरवी मला कळवलं, की आजीबाईंची आठवण हा पुरावा धरता येत न्हाय, छापील काय असेल ते आणा. मी छापील न्हाय. माझ्या आईनं मला छापखान्यातून आणली न्हाय, पोटातून काढली. हे दिवाळीपासून घशात अडकलं होतं, ते थुंकून टाकलं. आता बाकीचं.

प्रिय शिवांजली,

आशीर्वाद. गुडघा जागेवर आहे आणि त्याचं दुखणंबी जागेवर आहे. पत्र बघून हसशील, की आज्जीचा फोन बिघडला का. फोन चांगला आहे. पण फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि हल्ली मी फोन उचलला की आपल्या पायरीवर कुणी ना कुणी बिडी ओढायला येऊन बसतं. चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी असली तरी माझीच आहेत. नीट वाच.

चाँदपाशाची पोरगी रुबिना संध्याकाळी झेरॉक्सचं दुकान आवरता आवरता मला मोबाईलवर ज्ञानकोशातलं आपल्या गावाचं पान वाचून दाखवते. तू तिथं ‘तेरणाकाठ’ नावानं लिहितेस, हे चौघांनाच ठाऊक होतं. तू, मी, रुबिना आणि तुझा बाप. होतं, असं म्हणते मी. पुढं कळेल.

दिवाळीत तू मला तुमच्या भांडणाची रीत समजावलीस तेव्हा मी तुला येडी म्हणाले होते. पगार न्हाय, हुद्दा न्हाय, आणि पुण्यातल्या खोलीत बसून अनोळखी माणसाशी हुज्जत घालता. पण रोज ऐकून ऐकून मला त्यातलं बरंच उमगलं बघ. कुणीबी यावं, पानावर लिहावं. दुसऱ्याला पटलं न्हाय तर त्यानं पुसावं. पण एका दिवसात तीनदा पुसलं की बास, चौथ्यांदा पुसणाऱ्याचे हात बांधतात, मग तो खरा असो का खोटा. भांडायचं ते पानावर न्हाय, पानाच्या मागं चर्चेची जागा असते तिथं, आणि तिथंबी माणसाला शिव्या द्यायच्या न्हायत, त्याच्या लिहिण्याला नावं ठेवायची. दोघांचं जुळत न्हाय असं दिसलं की तिसरा बोलवायचा, ज्याचं त्यात काही अडकलेलं न्हाय असा. हात वर करून डोकी मोजत न्हायत, कुणाचं कारण पक्कं ते बघतात. एवढं मला मानवलं. एकच मानवलं न्हाय. समोरचा चांगल्या मनानंच लिहितोय असं धरून चालायचं म्हणे. पोरी, तुमच्या ज्ञानकोशात रणधीर कधी जेवायला आलेला दिसत न्हाय.

रणधीर म्हणजे तुझ्या बापाच्या वर्गातला, नदीकडच्या साऱ्या उसाचा धनी. त्यानं मागच्या उन्हाळ्यात बारवेला जाळी मारली, लोखंडी गेट बसवलं आणि मोटर टाकली. टँकर चुकला की अर्धं गाव त्या पाण्यावर जगायचं, ते आता उसाला जातं. विचारलं तर म्हणतो, आमच्या पणजोबानं बांधलेली खाजगी बारव आहे. मग चाँदपाशानं चार जणांच्या सह्या घेऊन कोर्टात अर्ज लावला. त्याच्या आसपासच आपल्या गावाच्या पानावर कुणीतरी पणजोबा आणून बसवला. तू पुसलास. पुन्हा बसला. पुन्हा पुसलास. तुझी तीन झाली, तशी तू हात आवरलास आणि चर्चेत गेलीस, पुरावा मागितलास. पुरावा काय आला, तर पेपरातलं कात्रण. आणि त्या पेपरवाल्यानं ते कुठून उचललं, तर आपल्याच पानावरून, पणजोबा बसवलेल्या दिवशी. रुबिनानं तारखा लावून दाखवल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला. चोरानं आधी भिंतीवर आपलं नाव लिहिलं आणि मग भिंतीलाच साक्षीला उभं केलं.

मग एका संध्याकाळी सात नवीन माणसं उगवली. सातही पणजोबाच्या बाजूची, सातही एकाच तोंडानं बोलणारी, शेवटाला ‘धन्यवाद व जय हिंद’ म्हणणारीबी सातही. तुमच्यातल्या कुणी जुन्या जाणत्यानं तपास केला आणि एकाच माणसाचे सात मुखवटे म्हणून सातांना बाहेर काढलं. त्या रात्री मी समाधानानं जेवले. सकाळी बारवेकडं गेले तर गेटाशी सात जण उभे होते, खरे, हाडामासाचे. इथं उलटं असतं. तोंडं सात, पण आतला माणूस एकच. त्यांना बाहेर काढायला कुणी जाणता येत न्हाय.

तुझ्या भांडणात तो तिसरा आला तो शहाणा निघाला, हे मी कबूल करते. कुठला आहे देव जाणे. त्यानं पानाला कुलूप लावलं, दोन्ही बाजूंना सांगितलं, की बसून बोला, मिटल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय. बरं वाटलं ऐकून. तिथं कुलूप लावणारा भांडणाबाहेरचा असतो. इथं किल्ली रणधीरच्या करगोट्याला आहे.

आता तुझ्या चुकीकडं येते. गेटाच्या आत जाता येईना म्हणून दिवाळीत तू आपल्या घराच्या माळवदावर शिडीनं चढून, मोबाईलनं जवळ ओढून, कमानीवरच्या शिळेचा फोटो काढलास. वर उर्दूची ओळ, खाली मराठीची, दोन्हींत एकच, की दुष्काळात साऱ्या गावानं खपून बांधली, पाणी साऱ्यांचं. फोटो लख्ख आला आणि तू तो चर्चेत लावलास. सगळी दुनिया शिळा वाचत होती. रणधीरनं शिळा वाचली न्हाय. त्यानं फोटोचा डावा कोपरा बघितला, जिथं शेवग्याची फांदी आलीय आणि फांदीवर माझं हिरवं लुगडं वाळत घातलंय. गावात माळवदाला टेकलेला शेवगा एकच. तुम्ही नाव लपवता, गाव लपवता, आणि आज्जीचं लुगडं साऱ्या जगाला दाखवता.

दोन दिवसांनी चर्चेत कुणीतरी लिहिलं, की शेवग्याखालच्या घराला फार कळायला लागलंय. तुमच्या लोकांनी ते तासाभरात काढलं, मागच्या नोंदीतूनसुद्धा खरवडलं, आता कुणालाच दिसणार न्हाय असं रुबिना म्हणाली. मी म्हटलं, बाई, ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्यानं वाचलं.

त्यानंतर शेवगा गेला. दुपारी मी बाजाराला गेले होते, येऊन बघते तर बुडापासून तोडलेला, फांद्या दारात नीट रचून ठेवलेल्या, शेंगा वेगळ्या काढून चौकटीला टेकवलेल्या. विचारलं तर म्हणे, विजेच्या तारेला लागत होता. तार रस्त्यापल्याड आहे. मंगळवारी कमानीवरची शिळा सिमेंटानं लिंपली. मी गेले तेव्हा गवंड्यासाठी गेट उघडं होतं, सिमेंट ओलंच होतं, बोटांचे ठसे दिसत होते. म्हणजे आता ती शिळा या जगात फक्त तुझ्या फोटोत आहे.

आणि बुधवारी रणधीर आला. एकटाच, पांढऱ्या कपड्यात, हातात पेढे. चप्पल बाहेर काढली, पाया पडला, चहा मागून घेतला. मला म्हणाला, काकू, शिवांजली शिमग्याला येणार म्हणं, कुठल्या बसनं येतीय, धाराशिवच्या स्टँडवर गाडी पाठवतो, एकटी पोरगी, रिक्षावाले कसले असतात. म्हटलं, तिला पाय आहेत. मग वर बघत बसला. म्हणाला, माळवदावरून फोटो झकास येतो व्हय काकू. मी म्हटलं, येतो की, मीच काढला. हसला. म्हणाला, तुम्हाला मोबाईल धरता येतो? म्हटलं, धरायला काय लागतं, दगड धरते तसाच मोबाईल धरते. तेव्हा हसणं थांबलं त्याचं. चहा संपवला, कपबशी स्वतः मोरीत ठेवली, आणि निघताना जिन्याच्या जागी लावलेल्या आपल्या लाकडी शिडीवर हात फिरवला. म्हणाला, काकू, वय झालं तुमचं, मिरच्या वाळवायला वर चढत जाऊ नका. पायरी सटकायला कितीसा वेळ लागतो. पेढे ओट्यावर तसेच आहेत. मुंग्यासुद्धा लागल्या न्हायत.

हे तुझ्या बापाला सांगितलं तर बलभीम सोलापुरातून फोनवर रडकुंडीला आला. म्हणाला, आई, पोरीला फोटो काढून टाकायला लाव, माफी लिहायला लाव, रणधीर वर्गातला आहे, मी बोलतो त्याच्याशी. बलभीम चौथीत असताना रणधीर त्याची पाटी रोज फोडायचा आणि हा रोज त्याला पेरू न्यायचा. अजून तोच पेरू चाललाय. तू फोटोला हात लावायचा न्हाय. तिथं आहे तिथं राहू दे. पुसायची सवय तुम्हा लोकांना फार आहे, पण शिळा एकदा लिंपली गेलीय, दुसऱ्यांदा तुझ्या हातनं लिंपायची न्हाय. आणि शिमग्याला यायचं न्हाय. पुरणाची पोळी पुण्यातबी मिळते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सोमवारी धाराशिवला कोर्टात माझी साक्ष आहे, बारवेची. चाँदपाशा आपल्या गाडीतून नेणार. तिथं मी बोलेन ते टाइप होतं, मग खाली मी सही करते. तुझ्या लोकांना ते पुरतं का न्हाय ते त्यांनी बसून ठरवावं, पण सोमवारनंतर मी छापील होईन. तोवर चार दिवस आहेत. शिडी मी कालच चाँदपाशाच्या घरी पोचती केलीय, त्याच्या आणि रुबिनाच्या देखत, आणि मिरच्या यंदा अंगणात वाळत आहेत. तोंडी चालत न्हाय म्हणतेस ना, म्हणून हे लिहून, कागदाच्या मागं तारीख घालून, सही करून पाठवते, जपून ठेव. सोमवारच्या आत तुला फोन आला, की आज्जी मिरच्या काढायला माळवदावर चढली आणि पडली, तर रडत बसू नको. आधी विचार, शिडी कुणी आणली. मग हे पत्र घेऊन थेट पोलिसाकडं जा आणि गप्प बस. तिथं तू उत्तर द्यायचं न्हाय, बलभीमनं तर तोंडच उघडायचं न्हाय. उत्तर रणधीरनं द्यायचं.

तुझीच,
आज्जी