तेवीस नंबरचा बिल्ला

प्रिय नागसेन,

जयभीम. पाठवणाऱ्याचं नाव वाचून लिफाफा फाडून फेकला नसशील, तर पुढं वाच. पंचवीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली न्हाई, अन् आज लिहून राह्यलो ते एका तमाशापायी. आपल्या बंद पडलेल्या मिलचं मेंटेनन्स शॉप आता ‘ऐतिहासिक वास्तू’ झालंय म्हणं! चाळीस वर्षांचं पत्र्याचं शेड. आपण दोघं त्याच्याहून वीस वर्षांनी थोरले, आपल्याला कुणी ऐतिहासिक म्हणत न्हाई.

मालकाच्या नातवानं परवा जुन्या कामगारांना बघायला बोलावलं, म्हणून गेल्तो. गेलो अन् डोकं फिरलं. ज्या लेथच्या बेडवर आपण कुणाला चहाचा कप ठेवू देत नव्हतो, तिला या दिवट्यांनी सोनेरी ऑइलपेंट फासलाय. बेडला बी! ज्याच्यावर हत्यार सरकतं त्याला रंग लावणारा अक्कलवंत मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. व्हाइसच्या जबड्यात प्लास्टिकचा गुलाब. ज्या खड्ड्यात उतरून आपण ग्रीसनं माखायचो, त्यात पाणी भरून कमळं सोडलीत. आपला जुना सुपरवायझर सर्जेराव काठी टेकत ‘वा, वा’ करत फिरत होता. त्याला तेव्हाही काही कळत नव्हतं.

भिंतीवर सगळ्यांचे पितळी बिल्ले ओळीनं टांगलेत अन् वर पाटी, ‘कामगारांच्या हजेरीचे बिल्ले’. हजेरीचे, कप्पाळ! मशीनखाली शिरायच्या आधी फिटरनं आपला बिल्ला मेन स्विचच्या दांड्याला अडकवायचा, अन् ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. तोवर खुद्द मालक आला तरी दांडा ओढून मशीन चालू करायची न्हाई. पहिल्याच दिवशी तू मला हे शिकवलं होतंस. एवढे शिकलेले लोक, पण एका म्हाताऱ्याला विचारावं असं कुणाला वाटलं न्हाई.

तेवीस नंबरचा खिळा तेवढा रिकामा आहे. त्याच्याखाली दुसरी पाटी, चौकशीच्या जुन्या कागदातून उतरवलेली. फिटर नागसेन बिल्ला लावायला विसरला अन् उजव्या हाताची तीन बोटं गमावून बसला, सुरक्षेचा धडा घ्या. वरच्या पाटीवर बिल्ला हजेरीचा, अन् खालच्या पाटीवर तोच न लावल्यानं बोटं गेली. हे जुळतं कसं, हे कुणाच्या टाळक्यात आलं न्हाई. पाट्या लिहिणारी राजनंदिनी नावाची पोरगी ते मोठ्यानं वाचत होती, लोक माना डोलवत होते. मंग पेढे वाटले. मी बी खाल्ला. थू माझ्या जिभेवर.

तू विसरला नव्हतास, नागसेन. त्या दुपारी सर्जेराव ‘जल्दी, जल्दी’ करत डोक्यावर बसला होता. बाकावर तुझा डबा उघडा दिसला. मला वाटलं तू वर येऊन जेवायला बसलास. वाकून बघायचं होतं, एक हाक मारायची होती. ते केलं न्हाई. तुझा बिल्ला काढला, खिशात टाकला अन् दांडा ओढला. चौकशीत साहेब म्हणाला, वस्तीवरचा माणूस, विसरलाच असणार. सगळ्यांना ते बिलकुल पटलं. का पटलं, ते तुला मी सांगायला नको. मी मान खाली घालून बसलो अन् माझी नोकरी वाचली. तू भोकरदनला परत गेलास, डाव्या हातानं मोटारी दुरुस्त करायला शिकलास, एवढं कानावर आलं. त्या पोरांना मी कशाला हसू? त्यांनी लेथला सोनेरी फासलं, मी तुझ्या तोंडाला काळं फासलं.

काल राजनंदिनीला सगळं लिहून, सही करून दिलं. तुझ्या नावाची पाटी तिनं माझ्यादेखत उतरवली. रविवारी उद्घाटन आहे, तेव्हा तिथं माझ्या नावाची लागेल. बिल्ला या लिफाफ्यात आहे. खिळ्याला अडकव, न्हाईतर विहिरीत टाक. मला माफ कर असं म्हणत न्हाई. ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा असतो. मी एकदा हात लावला, आता लावणार न्हाई.

‘तुझाच’ लिहायला हात धजत न्हाई,
भुजंग